लाकडी जिगसॉ: कापणाऱ्यांचे, लावणाऱ्यांचे मेळावे आणि आपापले अनुभव

धागा काढायचं कारण सांगते. मी बॉस्टनजवळ राहते. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी मला त्यांच्याबरोबर एका मेळाव्याला नेलं. लाकडी जिगसॉ (म्हणजे चित्राचे तुकडे जुळवायचं पझल) हाताने कापणारे कारागीर आणि ते लावणारे लोक दोन दिवस एकत्र जमतात. काकूंच्या आईकडची जुनी पझलं त्यांच्याकडे आहेत, ती त्या तिथे दाखवायला नेतात.

हॉलमध्ये बारा-तेरा टेबलं होती. चहा-कॉफीचे कप दाराशीच ठेवायचे, टेबलावर पाण्याची बाटलीसुद्धा नाही. डब्यांवर चित्रं नव्हती, फक्त नाव आणि तुकड्यांचा आकडा. मी बसले त्या टेबलावर ३१२ तुकडे होते. सवयीने सरळ कडेचे तुकडे वेगळे काढायला लागले, तर शेजारचे आजोबा म्हणाले, "त्यांच्यावर विश्वास ठेवू नका." तासाभराने कळलं. सरळ कडेचे कितीतरी तुकडे चित्राच्या मधोमध एकमेकांना पाठ लावून बसले होते, आणि खरा कोपरा दोन तुकड्यांत चिरलेला होता. शिवाय करवत रंगाच्या सीमेवरून फिरवलेली. आकाश जिथे संपतं तिथेच तुकडा संपतो, त्यामुळे निळ्या तुकड्यावर छपराचा एक ठिपकासुद्धा दिसत नाही. पुठ्ठ्याच्या पझलमध्ये आपण ज्या खुणा धरून चालतो, त्यातली एकही इथे कामाची नव्हती.

पण मला हा धागा काढायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. समोरच्या एका वयस्क बाईंनी एक तुकडा उचलला, त्याच्या गळ्यावरून (म्हणजे तुकड्याच्या बाहेर आलेल्या गोल बोंडाच्या खालच्या अरुंद भागावरून) अंगठा फिरवला आणि हे कोणी कापलंय ते सांगितलं. त्यांनी सहीचा तुकडा, म्हणजे कापणारा आपली खूण म्हणून घालतो तो आकृतीचा तुकडा, पाहिला नव्हता. जुन्या पार कंपनीच्या पझलमध्ये समुद्रघोडा असतो, व्हरमाँटच्या स्टेव्हमध्ये विदूषक असतो, ते पाहून कोणीही ओळखेल. या बाईंनी वळणावरून ओळखलं, आपण पाकिटावरचं अक्षर पाहून पत्र कोणाचं ते ओळखतो तसं.

तुमच्यापैकी कोणी अशा मेळाव्यांना गेलंय का? कोणी कापतं का? लहान अनुभवही चालेल, पण नक्की लिहा.

*

मिल्टन कीन्स, इंग्लंड

ताई, हा धागा पाहून फार बरं वाटलं. इथे १९८५ पासून एक मंडळ आहे, बेनेव्होलंट कन्फ्रॅटर्निटी ऑफ डिसेक्टॉलॉजिस्ट्स. नाव भारदस्त आहे, पण त्याला अर्थ आहे. जॉन स्पिल्सबरी हा लंडनचा नकाशे कोरणारा. १७६० च्या दशकात त्याने नकाशे महॉगनीच्या फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून कापून मुलांना भूगोल शिकण्यासाठी विकले. तेव्हा त्याला जिगसॉ म्हणत नसत, 'डिसेक्टेड मॅप' म्हणजे तुकडे केलेला नकाशा म्हणत. म्हणून आम्ही डिसेक्टॉलॉजिस्ट.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो बायकोच्या आग्रहामुळे. लोक घरून दोन-तीन डबे आणतात, टेबलांवर मांडतात, संध्याकाळी अदलाबदल होते. डबा देताना घेताना तुकडे मोजून द्यायचे, झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी असते: अमुक साली एक तुकडा कमी, अमक्या साली सापडला. काही चिठ्ठ्यांवर चार-चार हस्ताक्षरं. मला पझलपेक्षा त्या चिठ्ठ्याच वाचाव्याशा वाटतात. एका डब्यात १९४० मधली नोंद होती. लंडनवर बाँब पडत असताना कोणीतरी २५० तुकडे नीट मोजून "सर्व आहेत" असं लिहिलं होतं.

इथल्या पझलमध्ये मासा, किटली, सायकल अशा आकृत्यांचे तुकडे मधेच येतात. इकडे त्यांना व्हिम्सी म्हणतात. विल्टशरची वेंटवर्थ कंपनी त्यासाठीच नावाजलेली, पण ती लेझरने कापते. मेळाव्यात जुनी मंडळी लेझरचा डबा उघडला की आधी नाकाशी नेतात. जळक्या लाकडाचा वास लपत नाही.

*

पुणे, कोथरूड

मी कापतो. निवृत्तीनंतर सुरू केलं, आता सहा वर्षं झाली. आयुष्यभर कारखान्यात मशीनवर काम केलं, त्यामुळे स्क्रोल सॉ (बारीक उभ्या पात्याची करवत-मशीन) आणला तेव्हा वाटलं होतं आठवड्यात हात बसेल. दीड वर्ष लागलं.

पाते धाग्याइतके बारीक असते. ते जितके बारीक तितकी फट कमी, आणि फट कमी तितके तुकडे घट्ट बसतात. पण बारीक पाते वळणावर तुटते. फळी जोर लावून ढकलायची नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. पाते जागेवर असते, फळी फिरवायची असते, आणि ती दोन्ही हातांनी, सावकाश, श्वास न अडकवता. मी घाई केली की बोंडाचा गळा जाड येतो आणि तुकडा उचलताना दोन शेजारी बरोबर येतात. उशीर केला की पाते तापते, कड काळी पडते.

प्लायवुडचा त्रास फार झाला. सुरुवातीला जवळच्या दुकानातून आणले. आत पोकळी निघायच्या, एक थर दुसऱ्यापासून सुटायचा, कापलेल्या बोंडाचा कोपरा हातात यायचा. शेवटी बर्च नावाच्या लाकडाचे, पाच-सहा मिलिमीटरचे, अखंड थर असलेले मागवायला लागलो. महाग पडते, पण एकदा ते वापरल्यावर दुसरे नको वाटते.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी घरच्या घरी एक छोटी बैठक घेतली. नऊ जण आले. दोन जण कापणारे, बाकी लावणारे, त्यात एक शाळकरी मुलगी. डायनिंग टेबलवर पांढरी चादर घातली, म्हणजे तुकडे घसरत नाहीत. दुपारी मी त्यांच्यासमोर एक छोटं पझल कापलं, चाळीस तुकड्यांचं. कोणी बोलत नव्हतं. भुसा उडत होता आणि प्रत्येक तुकडा सुटला की ती मुलगी तो ओंजळीत घेत होती. इतक्या वर्षांत माझ्या कामाकडे कोणी असं पाहिलं नव्हतं.

तुम्ही म्हणता त्या बाईंनी हात ओळखला, तेव्हा माझ्याही मनात आलं, माझा हात कसा असेल? मी माझी जुनी पझलं काढून पाहिली. डावीकडे वळताना माझी रेघ किंचित सपाट येते. सहा वर्षं तीच. म्हणजे माझाही हात आहे.

*

पालघर जिल्हा

मी बालवाडीत शिकवायचे, आता निवृत्त. मला मेळाव्यांचं काही माहीत नव्हतं, पण वरचा स्पिल्सबरीचा उल्लेख वाचून राहवलं नाही. आमच्या वर्गात लाकडी नकाशा होता, प्रत्येक राज्याला धरून उचलायला पितळी बोंड असलेला. माँटेसोरी पद्धतीत तो असतोच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाची जी परंपरा उभी केली, तिच्या छायेत आम्ही वाढलो. महागडी साधनं परवडत नसत, म्हणून गावच्या सुताराकडून आम्ही करून घेत असू.

एका वारली मुलीची आठवण सांगते. ती बोलायची नाही. आठवडाभर ती फक्त महाराष्ट्राचा तुकडा हातात घेऊन बसायची, कडेवरून बोट फिरवायची. मग एक दिवस तिने डोळे मिटून तो जागेवर बसवला. आणि मग गुजरात. समुद्राच्या बाजूची कड कुठे आहे ते तिच्या बोटांना कळलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जे सुरू झालं, त्याचं टोक आमच्या पाड्यापर्यंत आलं होतं हे मला आज कळतंय.

*

नाशिक

माझं लेझर कटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. लेझरविषयी थोडा वेगळा सूर लावतो. हाताने कापलेलं पझल बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचं आहे. परदेशात तर मोठ्या हातकापीव पझलची किंमत हजारो डॉलर जाते. लेझरमुळे ते वर्गात, वाचनालयात, वृद्धाश्रमात पोचतं. मी गेल्या वर्षी वृद्धाश्रमासाठी तीस तुकड्यांची मोठ्या बोंडांची पझलं केली. पाटा-वरवंटा, तुळशीवृंदावन अशा आकृतीचे तुकडे मधे घातले. पाटा-वरवंट्याचा तुकडा एका आजींनी हातात धरून ठेवला, परत द्यायला तयार नव्हत्या.

जळक्या वासाचं मात्र खरं आहे. कापल्यावर मी तुकडे दोन दिवस वाऱ्यावर ठेवतो, कडा ओलसर कापडाने पुसतो, तरी थोडा राहतो.

*

पुणे, कोथरूड

लेझरवाल्या भाऊंशी भांडण नाही. पाटा-वरवंटा ऐकून मी माझ्या पुढच्या पझलमध्ये सूप आणि जातं घालणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

*

कुडाळ

सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी लहानपणापासून पाहिली. तिथे पूर्वापार पांगाऱ्याचं लाकूड वापरत आलेत, हलकं असतं. जिगसॉला ते चालेल का?

*

पुणे, कोथरूड

अखंड लाकूड रेषेच्या दिशेने फाटते. फळ-भाजीचं खेळणं घडवायला पांगारा छान, पण बोंडाचा गळा तीन-चार मिलिमीटरचा असतो, तिथे रेषा आडवी आली की मोडतो. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून गळा टिकतो. जुन्या काळी महॉगनी वापरत, पण तेव्हाच्या तुकड्यांना अशी बारीक बोंडं नसायची. करून पाहायचं असेल तर पांगाऱ्याचा जाड तुकडा घ्या आणि मोठीच बोंडं ठेवा. जमलं तर फोटो टाका.

*

एडिसन, न्यू जर्सी

मी हरवलेले तुकडे करते. जुन्या पझलमधला एखादा नाहीसा झालेला तुकडा नव्याने कापून, रंगवून देते. अशा मेळाव्यातच शिकले, एका बाईंनी पूर्ण दुपार शेजारी बसवून शिकवलं आणि एक पैसा घेतला नाही.

आधी भोवतालचे तुकडे जागेवर बसवायचे आणि त्या भोकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासायचं, लहानपणी नाण्याचं चित्र काढायचो तसं. त्या आकाराचं कापायचं, मग काचकागद अगदी हलक्या हाताने. जास्त घासलं तर सैल. रंगाचं काम त्याहून नाजूक, कारण जुन्या छापील चित्राचा कागद पिवळा पडलेला असतो. नवा पांढरा कागद लावला तर तुकडा दात बसवल्यासारखा चमकतो. मी तो आधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवते, मग रंगीत पेन्सिली.

माझ्याकडे आलेलं सगळ्यात जुनं काम १९३३ चं आहे. मंदीचा काळ. अमेरिकेत जिगसॉचं वेड तेव्हा इतकं होतं की पुठ्ठ्याची पझलं आठवड्याला एक कोटीपर्यंत खपत होती. औषधांच्या दुकानांतून लाकडी पझलं भाड्याने मिळायची, आणि काम गेलेले सुतार, शिक्षक घरी कापायला बसायचे. माझ्याकडे आलेल्या डब्यावर कापणाऱ्याचं नाव नाही, फक्त मागे पेन्सिलीने भाड्याच्या तारखा. ज्या आजोबांनी दिलं त्यांना एवढंच माहीत होतं की त्यांच्या वडिलांच्या खोलीत ते होतं. एक तुकडा कमी होता. मी तो केला, पण मागच्या बाजूला माझ्या नावाचं अक्षर आणि साल लिहून ठेवलं. मला शिकवणाऱ्या बाईंनी तसं करायला सांगितलं होतं, म्हणजे पुढे कोणी ते जुन्या माणसाचं काम समजणार नाही.

*

बॉस्टनजवळ

सगळं वाचलं, रात्री पुन्हा एकदा वाचलं. कोथरूडचे काका, मी डिसेंबरात आईकडे येतेय. काकूंनी मला एक पझल बरोबर न्यायला दिलंय, २१७ तुकडे, काल दोनदा मोजले. तुमच्या बैठकीला आणते. डब्यावर चित्र नाही आणि मीही अजून लावलेलं नाही, तेव्हा कशाचं आहे ते तुमच्याकडेच कळेल.

*

पुणे, कोथरूड

या. पांढरी चादर धुऊन ठेवतो. ती शाळकरी मुलगी आता अकरावीत आहे, तिलाही बोलावतो. आणि एडिसनच्या ताई, चहाच्या पाण्यात कागद किती वेळ ठेवायचा ते लिहा ना, माझ्या एका पझलमधला जात्याचा तुकडा पाळीव मांजराने नेला.