प्रति: प्लंजरला रिंग नाही मग प्रेशर धरतं कसं?

भावा, वर तू विचारलंयस की डिझेल इंजेक्शन पंपात (इंजिनाला डिझेल दाबून पाठवणारा पंप) रबर सील नाही, पिस्टनसारखी रिंग नाही, मग डिझेल मागं का येत नाही आणि नुसता प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, बदलला तर चालंल का. अजिबात नको बदलू. प्लंजर आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) एकमेकांत लॅपिंग करून, म्हणजे बारीक घासून, बसवलेली जोडी असते, मधली फट २-३ मायक्रॉन, आपला केस ७०च्या आसपास असतोय बघ, आणि तेवढ्या फटीतली डिझेलची फिल्मच सील पण करते आणि वंगण पण देते, म्हणून तर डिझेलात पाणी आलं की पहिला प्लंजरच घासतोय. थोडं लीक होतंच, ते रिटर्नला, म्हणजे परतीच्या लाइनला, जातं.

उद्यमनगरात आमच्याकडं एलिमेंट (हीच प्लंजर-बॅरलची जोडी) धुऊन ओला प्लंजर थोडा वर ओढून तिरका धरतो, आपल्या वजनानं सावकाश खाली उतरला पाहिजे. धपकन पडला तर झिजलाय, अडकला तर ओरखडा नाहीतर कचरा.

आणि रोलर टॅपेट (फिरत्या कॅमच्या उंचवट्यावर चालून प्लंजरला वर ढकलणारा भाग) बघितलास का? कॅमचा आडवा धक्का तो खातोय, तो सैल झाला की प्लंजर एकाच बाजूला घासतो, मग नवा एलिमेंट टाकून पण महिन्यात परत तेच.

पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनच्या पंपात मात्र खाली सील असतं, पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू नये म्हणून.