पॅन अ‍ॅम नक्की कशामुळे बुडाली?

मंडळी नमस्कार, मुलाला शाळेत अमेरिकेतल्या विमान कंपन्यांवर प्रोजेक्ट आहे, त्याने लिहिलंय की पॅन अ‍ॅम लॉकरबीच्या बॉम्बमुळे (स्कॉटलंडमधल्या या गावावर तिचं विमान बॉम्बने उडवलं होतं) बंद पडली. एवढंच कारण होतं का? आपल्यातले बरेच जण तिच्याच विमानांनी अमेरिकेत आलेत म्हणून विचारते.

*

ताई, लॉकरबी (२१ डिसेंबर १९८८) हा मोठा घाव होताच, पण कंपनी त्याच्या कितीतरी आधीपासून खंगत होती. १९२७ ला की वेस्ट ते हवाना टपाल नेता नेता ती जगभर पोचली, पण देशातल्या देशात तिच्याकडे रूट जवळजवळ नव्हतेच, कारण कोण कुठे उडणार आणि तिकीट किती हे सगळं सरकारी बोर्ड ठरवायचं. १९७८ ला राष्ट्राध्यक्ष कार्टरनी डीरेग्युलेशनवर, म्हणजे हे सरकारी नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर, सही केली आणि सगळ्यांना रान मोकळं झालं, मग हिने देशातले रूट मिळवायला घाईघाईत १९८० ला नॅशनल एअरलाइन्स ही कंपनी घेतली, ती भयंकर महाग पडली, आणि त्यानंतर घरातली भांडी मोडीत काढावीत तसं एकेक विकणं सुरू झालं, आधी न्यूयॉर्कची बिल्डिंग, मग हॉटेलं, आणि १९८५ ला पॅसिफिकचे रूट युनायटेडला ७५ कोटी डॉलरला. माझ्या मते खरा जीव तिथेच गेला.

मी मे १९८६ मध्ये मुंबईच्या सहार विमानतळावरून निघालो, कराची, फ्रँकफर्ट, न्यूयॉर्कचं केनेडी. खांद्याला पॅन अ‍ॅमच्या निळ्या गोलाची बॅग, आत आईने दिलेला मेतकुटाचा डबा, बॅग अजून कपाटात आहे. ५ सप्टेंबरला त्याच मार्गावरचं फ्लाइट ७३ कराचीत अतिरेक्यांनी पकडलं. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत त्या विमानात एअर होस्टेस होती, तेवीस पूर्ण व्हायला दोन दिवस होते, तिने कॉकपिटला सावध केलं म्हणून पायलट निसटले आणि विमान उडालंच नाही. प्रवाशांना बाहेर काढताना ती गेली. मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. हे प्रोजेक्टमध्ये यायलाच हवं.

*

काका, थोडी भर घालतो. शेवटी अटलांटिकचे बहुतेक रूट डेल्टाने घेतले आणि ४ डिसेंबर १९९१ ला पॅन अ‍ॅम बंद झाली. बाकीच्या जुन्या कंपन्यांपैकी टीडब्ल्यूए २००१ ला अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली, नॉर्थवेस्ट डेल्टात. आणि युनायटेडच्या शेपटीवरचा गोल मुळात काँटिनेंटल एअरलाइन्सचा बरं का, २०१० च्या त्या दोघींच्या मर्जरमध्ये नाव एकाचं राहिलं, चित्र दुसऱ्याचं.

*

काका, खूप आभार, मुलगा आता सगळं नव्याने लिहायला बसलाय. बॅग बघायला शनिवारी आलो तर चालेल का?