धायरीत फायबर: केबलवाला का मोठी कंपनी?

नवा_फ्लॅटवाला: पुढच्या महिन्यात पुण्यात धायरीत शिफ्ट होतोय. बिल्डिंगमधे दोन मोठ्या कंपन्यांच्या वायरी आल्यात आणि तिसरा एरियातला केबलवाला, तो म्हणतो १०० एमबीपीएस, सहा महिन्यांचे एकदम भरा, एक महिना फ्री. मी न बायको दोघंही घरून काम करतो, दिवसभर मीटिंगा. सध्याच्या घरी स्पीडटेस्ट झकास येते पण कॉलवर आवाज तुटतो, कस्टमर केअरवाले राऊटर बंद करून चालू करा याच्या पुढे सरकत नाहीत. आणि गुरुवारी लाईट गेली की संपलंच. काय घेऊ?

खडकवासला_एक्सप्रेस: कंपनीचं नाव ठेव बाजूला. तुझ्याच विंगमधे कोणाकडे काय आहे न रात्री ९ ला कसं चालतं ते विचार. कंपनीच्या मशीनच्या एका पोर्टचे अडीच जीबीपीएस ३२ नाहीतर ६४ घरांत वाटलेले असतात, म्हणून तीच कंपनी एका सोसायटीत मस्त आणि शेजारच्या सोसायटीत बोंब. दुसरं म्हणजे वायर तुटली तर येतं कोण? आपल्याकडे रस्ता खोदणं काही थांबत नाही. आमचा केबलवाल्याचा पोरगा संध्याकाळपर्यंत स्प्लायसिंग मशीन (तुटलेली फायबर जोडायचं) घेऊन हजर असतो, आधी ज्या कंपनीचं होतं त्यांचा नुसता तिकीट नंबर यायचा. पण सहा महिन्यांचे आधी देऊ नको, पैसे घेतले की फोन उचलत नाहीत असेपण नग आहेत.

लाल_दिवा: स्पीड चांगला आणि आवाज तुटतो म्हणजे बऱ्याचदा वायफायची बोंब, कंपनी बदलून घंटा फरक पडणार नाही. लॅपटॉपला लॅनची वायर लाव, मग बोल. तरी तुटत असेल तर ओएनटीच्या (फायबरची वायर घरात जिथे लागते तो डबा) पेजवर आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद (डीबीएममधे) बघ, उणे २० च्या आसपास असेल तर ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेली की लॉसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. कपाट भिंतीला सरकवताना मागची बारीक वायर मुडपते तेवढंपण पुरतं. गुरुवारसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घे, ओएनटीचा ॲडॅप्टर तेवढ्याचाच आहे ना ते बघून. अर्थात केबलवाल्याच्या नेटवर्क स्विचला बॅकअप नसेल तर तुझा यूपीएस नुसता दिवे दाखवणार.

आळशी_आत्या: जाहिरातीत ६९९ दिसले तरी १८ टक्के जीएसटी धरून ८२५ जातात बरं का. अनलिमिटेडलापण लिमिट असते, बऱ्याच फायबर प्लॅनमधे महिना ३३०० जीबी, घरच्यांना संपत नाही ती. आणि बाहेरून सीसीटीव्ही बघायचा असेल तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा नेटचा पत्ता) देतो का विचारून ठेवा, काही डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारे डबे) त्याशिवाय दिसत नाहीत.

नवा_फ्लॅटवाला: केबलवाल्याला आत्ताच फोन केला. महिन्याचं देतो म्हणाला, अपलोडपण १००, पण वायरिंगचे न ओएनटीचे मिळून १५०० मागतोय.

लाल_दिवा: ओएनटी कोणाचा राहणार? परत घेणार असेल तर १५०० जास्त आहेत, घासाघीस कर. न वायफाय ड्युअल बँड (२.४ न ५ गिगाहर्ट्झ दोन्ही) आहे का बघ, जुना सिंगल बँडवाला गळ्यात मारतात.