नैरोबीचं एफएम, शेंग आणि 'बिघडलेली' पोरं

वेस्टलँड्सकर: पंधरा दिवसांची सफारी उरकून 'निवृत्त_प्रवासी' लिहितात, "खाजगी एफएमनं केनियाची तरुण पिढी बिघडवली, ना धड स्वाहिली ना धड इंग्रजी." काका, मी बारा वर्षं नैरोबीत आहे. पहिलं खाजगी एफएम, कॅपिटल, आलं १९९६ला. शहराच्या पूर्वेला ईस्टलँड्सच्या कामगार वस्त्यांत शेंग ही मिसळबोली त्याच्या कितीतरी आधीपासून बोलतात. घरात किकुयू नाहीतर लुओ, शाळेत इंग्रजी, गल्लीत स्वाहिली. पोरांनी सगळ्याची मिसळ केली. उलट सुरुवातीला एफएमवाले नाकातून अमेरिकन इंग्रजी बोलायचे! शेंगमध्ये बातम्या सांगणारं घेटो रेडिओ नंतरचं. आमच्या ड्रायव्हरचे वडील लुह्या जमातीचे, आई कांबा जमातीची. कुठला रे तू, विचारलं तर जमात नाही, नैरोबीतली वस्ती सांगतो, "बुरुबुरूचा." विषय संपला.

निवृत्त_प्रवासी: एका ड्रायव्हरवरून देश ठरला? मग माझ्या ड्रायव्हरचं ऐका. त्याच्या मुलाला आजीचं किकुयू कळत नाही. हे सांगताना त्या माणसाचा चेहरा पडला होता.

मुळाकाठ: आजीसाठी २०००पासून किकुयूतलं कामेमे एफएम आहे. आम्हाला काय? पुण्यात रिक्षात बसलं की निवेदक हिंदीत खिदळतो. मराठी गाणं लावलंच तर उपकार केल्यासारखं.

जुनी_स्क्रिप्ट: आले पुण्यावर! सात वर्षं एका स्टेशनसाठी लिहिलंय. मराठी म्हटलं की जाहिरातवाले 'डाउनमार्केट' म्हणून नाक मुरडायचे. त्यात बातम्या आकाशवाणीच्याच, स्वतःच्या द्यायला बंदी. मग उरतं काय, खिदळणंच. नैरोबीत निदान सकाळी सकाळी मंत्र्यांची सालं काढतात.

मुळाकाठ: म्हणजे पगार घेऊन हिंदी लिहिलंत, आणि आता इथे रडताय.

जुनी_स्क्रिप्ट: घराचा हप्ता तुम्ही भरणार होतात का?

कोरा_चहा: भांडा निवांत. पण 'आपली भाषा, आपला रेडिओ' जरा जपून. २००७च्या निवडणुकीनंतर केनियात जमातींमधल्या हिंसाचारात अकराशेच्या वर माणसं मेली आणि चौकशीत मातृभाषेतल्या रेडिओंवरही लोकांना भडकवल्याचा ठपका आला. कालेंजिन भाषेतल्या कास एफएमचा निवेदक जोशुआ अराप सांग याच्यावर थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला. २०१६मध्ये पुरावे अपुरे म्हणून तो बंद झाला, हेही खरं.

वेस्टलँड्सकर: म्हणूनच म्हणतो, शेंगमध्ये बोललं की आडनावाची जमात लगेच कळत नाही. त्या पोरांना तेच हवंय.

निवृत्त_प्रवासी: आडनाव सांगितलं की कळतेच ना? असो. शेंग एफएमच्या आधीची, मान्य. बारा वर्षांच्या अनुभवाला कोपरापासून नमस्कार. पण तिथल्या मटाटूत, म्हणजे प्रवासी मिनीबसमध्ये, ज्या आवाजात रेडिओ लावतात, त्यानं माझा डावा कान अजून वाजतोय.

वेस्टलँड्सकर: त्याबाबतीत आपलं एकमत. मी तर कापूस घालून बसतो.

मुळाकाठ: आणि मराठी गाण्यांचं काय ठरलं?