नाशिककरांची गिरगाव चौपाटी

परवा टीव्हीवर विसर्जन बघताना टिळकांचा पुतळा दिसला आणि आजोबांची फार आठवण आली. चौपाटीवर नेलं की भेळ नंतर, आधी पुतळ्याला नमस्कार. चपला काढून! १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले, दहन इथे वाळूत झालं, हे सांगताना त्यांचा आवाज दाटून यायचा. तुमच्याही आठवणी लिहा ना.

– मेनरोड

दादरला उतरून स्लो लोकल, चर्नी रोड, पूल ओलांडला की वाळू. पण परतीची पंचवटी एक्सप्रेस गाठायची म्हणून सूर्य वर असतानाच आई उठवायची. पूर्ण सूर्यास्त पाहिला तो लग्न होऊन मुंबईला गेल्यावरच. रडूच आलं, आई हवी होती.

– सातपूरची लेक

आमच्या आजीने गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, वाहते तसं समुद्राला हळदकुंकू वाहिलं. लाटेने पुडी परत पायाशी आणून टाकली. तिने पुन्हा वाहिली, पुन्हा परत. शेवटी म्हणाली, "घे गं बाई, नाशिकहून आणलंय!"

– पंचवटी

@पंचवटी 😄 आजी ग्रेट

– सिडको

भेळेचं बोला कुणीतरी. आपला नाशिकचा भेळभत्ता झणझणीत, तिथे चिंचगुळाची चटणी, वर कैरीचे बारीक तुकडे, आणि चमच्याऐवजी कडक पुरी. ती पुरी मऊ पडायच्या आत भेळ संपवायची. मला दोन्ही प्रिय, भांडण नको.

– देवळाली

१९३० साली चौपाटीवर कायदा मोडून मीठ केलं आणि त्याच साली आपल्या काळारामाच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला. एक इंग्रजाविरुद्ध, दुसरा आपल्याच माणसांनी बंद ठेवलेल्या दारासाठी. मुलांना तिथे नेलं की मी दोन्ही सांगतो. समोरची विल्सन कॉलेजची दगडी इमारतही दाखवतो, १८८९ ची आहे. पोरांचं लक्ष कुल्फीकडे असतं, तरी सांगतोच.

– नाशिकरोड

शनिवारी आईला घेऊन जायचंय, तिचे गुडघे दुखतात. चर्नी रोडचे जिने जमतील?

– इंदिरानगर

@इंदिरानगर नको, सीएसएमटीहून टॅक्सी कर. आणि घडीची खुर्ची ने, वाळूत बसलं की काकूंना उठणं अवघड जाईल.

– सातपूरची लेक

खुर्ची माझ्याकडे आहे, शुक्रवारी घेऊन जा.

– सिडको