सिकलसेलचा प्रोब: एका बेसचा फरक इलेक्ट्रोडला कळतच नाही

ऋतुजा_नागपूर:
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट सिकलसेलवर आहे. बीटा ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा एक भाग) जीनच्या सहाव्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) गटात, जीएजीचं जीटीजी होतं, तेवढा एक बदल पकडायचाय. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर थायॉलवाला (सोन्याला चिकटणाऱ्या टोकाचा) 20 बेसचा प्रोब, म्हणजे नॉर्मल जीनला जुळणारा एकेरी धागा, मग मोकळी जागा झाकायला मर्कॅप्टोहेक्झानॉल, मग टार्गेट (तपासायचा धागा), शेवटी करंट देणारा रंग मिथिलीन ब्लू. बफरमध्ये 1 मोलर मीठ, सगळं 25 अंशांना. बदल टोकापासून तिसऱ्या बेसवर येतो. नॉर्मल आणि म्युटंटच्या (बदललेल्या जीनच्या) करंटची शिखरं जवळपास एकावर एक बसतात. काय बदलू?

बफरताई:
आधी हे ठरवा: चुकीची जोडी असलेला धागा चिकटूच नये, की चिकटला तरी करंट कमी यावा? तुमची पद्धत पहिली दिसते, आणि तिथे सगळं काम तापमान करतं. एवढ्या मिठात 20 बेसची जोडी 50 अंशांच्या पुढेच सुटते, आणि एक चुकीची जोडी तो आकडा थोडक्या अंशांनीच खाली आणते. मग 25 ला दोन्ही घट्ट बसणारच. त्यात टोकाजवळची चूक धाग्याला फारशी जाणवत नाही.

बदल बरोबर मध्यावर आणा, प्रोब 15-16 बेसचा करा, कमी मिठाच्या बफरने कोमट धुवा आणि तापमान हळूहळू चढवा. एका टप्प्यावर म्युटंटचं टार्गेट निघून जातं, नॉर्मलचं टिकतं. तो क्षण बघाच! टार्गेट न घालता नुसत्या प्रोबची तुलनेची चाचणी (कंट्रोल) मात्र चुकवू नका. मिथिलीन ब्लू एकेरी धाग्यातल्या ग्वानिनलाही धरतो.

पाय_स्टॅक:
दुसरी पद्धत कॅलटेकच्या जॅकलिन बार्टन यांच्या गटाची, 2000 च्या आसपासची. दुहेरी धाग्यांचा दाट थर, मिथिलीन ब्लू वरच्या टोकाशी, करंट बेसच्या चळतीतून. मध्ये चुकीची जोडी आली की करंट पडतो. द्रावणातलं फेरिसायनाइड मिथिलीन ब्लूला परत परत ताजं करतं, म्हणून फरक मोठा दिसतो. जी-टीसारखी चिवट चुकीची जोडीही यात सापडते. पण थर विरळ असेल तर नादी लागू नका.

ऋतुजा_नागपूर:
ताई, नवा प्रोब मागवते. रक्ताच्या नमुन्यावर चालेल ना?

बफरताई:
पीसीआरनंतर (डीएनएच्या प्रती वाढवल्यावर) धागा एकेरी करून घ्या, नाहीतर त्याचाच जोडीदार प्रोबच्या आधी जाऊन बसेल. आणि एकच प्रोब पुरणार नाही. गडचिरोली, नंदुरबारकडे तपासणीत वाहक शोधणं फार महत्त्वाचं असतं, आणि वाहकाच्या नमुन्यात नॉर्मल आणि म्युटंट असे दोन्ही धागे असतात. नॉर्मलचा प्रोब त्यालाही सिग्नल देणारच. दोन इलेक्ट्रोड ठेवा, एकावर ए (नॉर्मल), दुसऱ्यावर एस (सिकल) प्रोब, आणि दोन्ही सिग्नलचं गुणोत्तर बघा.