मदत हवी आहे – टीपीएचे (विमा कंपनीतर्फे क्लेम हाताळणारी संस्था) पैसे कुठल्या क्लेमचे ते कसं जुळवायचं?

मंडळी, देवगडला आमचं छोटं हॉस्पिटल आहे, अकाउंटचं मीच बघते. कॅशलेस क्लेम ऑनलाइन टाकतो, डिस्चार्ज समरी, बिलं सगळं स्कॅन करून, पावसात लाईट गेली की अपलोड अर्ध्यावर अडकतं ते वेगळंच. पण खरा घोळ पुढे आहे, बँकेत एनईएफटीने एकच रक्कम येते, त्यात चार-पाच पेशंटचे क्लेम एकत्र, टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापलेला, वर कपात कशाची तेही कळत नाही. हातात फक्त यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक).

सेटलमेंट लेटर (कुठल्या क्लेमचे किती दिले, किती कापले ते पत्र) टीपीएच्या पोर्टलवर यूटीआर टाकून मिळतं का? टीडीएस २६एएसशी (आयकर खात्याकडचं कापलेल्या कराचं स्टेटमेंट) कसा जुळवता? रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणी हे रोज करत असेल तर प्लीज सांगा, डॉक्टरांचे पैसे अडकलेत, स्टाफचे पगार त्यातूनच होतात.